गुरुवारची शुगर

गोळ्या सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी आईने स्वतःचा अंबाडा स्वतः घातला. त्याआधीचे दोन महिने तिचे हात खांद्याच्या वर जात नव्हते. सकाळी उठताना तिला कुशीवर वळून, कपाटाची कडी धरून उभं राहावं लागे. केस मी विंचरत असे आणि ते मला नीट जमत नसे. "ओढू नकोस, मी काय घोडी आहे का," असं ती रोज म्हणे. त्या सकाळी मी चहा घेऊन खोलीत गेले तेव्हा तिच्या तोंडात आकडे होते आणि दोन्ही हात मानेमागे.  

आजाराचं नाव पॉलिमायल्जिया. खांदे आणि कंबर यांच्या आसपास सूज येते, उतारवयातल्या बायकांना अधिक होतो, आणि स्टेरॉइडच्या बेताच्या मात्रेने आश्चर्य वाटावं इतक्या लवकर आराम पडतो. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी हे पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. गोळी वर्षभर तरी चालेल, कदाचित जास्त, हेही सांगितलं होतं. ती हळूहळू कमी करायची आणि आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं; मग गोळी अचानक तोडली तर माणूस कोसळू शकतो.

"अम्मा, भूक लागेल. बहोत लागेल. तेवढा हात सांभाळायचा," असं ते शेवटी म्हणाले. डॉक्टर सिंधी, जन्म उल्हासनगरचा. मराठी आणि हिंदी त्यांच्या एकाच वाक्यात नांदत. आई त्यांना डॉक्टरसाहेब म्हणे.

भूक लागली. आयुष्यभर सगळ्यांच्या नंतर जेवलेली बाई अकरा वाजताच ताट घेऊन बसू लागली. जेवण झाल्यावर तासाभरात ती स्वयंपाकघरात डबे उघडताना दिसे. विचारलं तर म्हणे, "काही नाही, झाकणं नीट लागलीत का बघतेय." चेहरा गोल झाला, मानेच्या मागे आणि पोटावर मांस चढलं, हात-पाय मात्र होते तेवढेच राहिले. ब्लाउज दोनदा उसवून सैल करावे लागले. बदलापूरला, बेलवलीतल्या आमच्या इमारतीत सगळ्यांना आनंद झाला. जिन्यात भेटेल ती बाई म्हणे, "काकू, तब्येत छान झाली हो तुमची!" आपल्याकडे आजारी माणूस जाड झालं की ते बरं झालं असं धरतात. आईलाही सुरुवातीला तसंच वाटलं.

मग शुगर वाढली. आजाराआधी तिची शुगर काठावर होती. आता उपाशीपोटीचा आकडा ठीक येई आणि जेवणानंतरचा तीनशेच्या पुढे जाई. वजनही दर भेटीला वर. डॉक्टरांनी एक गोळी दिली, मग तिची मात्रा वाढवली. तिसऱ्या भेटीत ते म्हणाले, "पुढच्या वेळीही असंच आलं तर छोटी सुई चालू करू. इन्सुलिन. टेन्शन नाही घ्यायचं."

आईने दवाखान्यात मान डोलावली. रिक्षा उल्हासनगरच्या बाजारातून बाहेर पडली. अंबरनाथच्या अलीकडे म्हणाली, "सुई लागली तर मी गोळ्या बंद करणार. सगळ्या."

"त्या गोळ्या अशा बंद करता येत नाहीत, सांगितलंय त्यांनी."

"मग सुई लावायची नाही."

त्यामागे मामा होता, तिचा थोरला भाऊ. त्याला आधी सुई लागली, मग पायाचं बोट गेलं, मग गुडघ्याखालचा पाय गेला. आईच्या हिशेबी हे सगळं सुईने केलं. मी वृत्तपत्राच्या डेस्कवर काम करते. एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळे घडली, असं लिहिलेली बातमी मी रोज दुरुस्त करते. मामाने सुई फार उशिरा घेतली आणि जखम लपवली, म्हणून पाय गेला, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तू नव्हतीस तिथे. मी होते."  ती खरोखरच तिथे होती, दवाखान्यात, रात्रंदिवस.

ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई आहे. त्यामुळे प्रश्न सुईचा राहिला नाही. सुई लिहून दिली गेली तर ती स्टेरॉइड थांबवेल, आणि त्याचं जे काही होईल ते मी दुपारी निघून गेल्यावर, ती घरात एकटी असताना होईल. पुढच्या भेटीच्या आत आकडा खाली आणणं एवढंच माझ्या हातात होतं.

मी साखरेचा डबा माळ्यावर ठेवला. तांदूळ कमी केले. बिस्किटं, फरसाण, पाव बंद. भात रात्री नाही, दुपारी एक वाटी. लोणचं आणि पापडही काढले, कारण स्टेरॉइडवर मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. आई विरोध करत नसे. ती दुधीची भाजी समोर आली की फक्त तिच्याकडे बघत राही आणि म्हणे, "बरं बाई, तू म्हणशील तसं." बोटातून रक्त काढून शुगर मोजायचं यंत्र मी आणलं. माझी पाळी दुपारची, त्यामुळे मोजायचं ते सकाळी, चहाच्या आधी. आकडा रोज चांगला येई. मी समाधानाने ऑफिसला जाई.

आईनेही स्वतःच्या बाजूने उपाय केला होता. हात वर जात नव्हते तेव्हा तिने दत्ताला वर्षभराचे गुरुवार बोलले होते. हात वर गेले. श्रेयाची वाटणी तिने अशी केली: सूज गोळीने उतरवली, हात दत्ताने वर केले. त्यामुळे गुरुवार चालू होते. वजन वाढू लागल्यावर तिने त्यात सोमवार घातला. हे तिला मावशीने सुचवलं होतं. मावशी आईची धाकटी बहीण, अंबरनाथला राहते आणि प्रत्येक विषयावर तिचं मत तयार असतं. "ताई, एक दिवस पोटाला सुटी दिली की दोन दिवस हलकं वाटतं," ती म्हणाली होती. संकष्टी पूर्वीपासूनच होती. डॉक्टरांना आईने सांगितलंही होतं की मी उपवास करते. त्यांनी विचारलं, "गोळी उपाशीपोटी तर नाही घेत?" ती म्हणाली, "नाही, पोटात काहीतरी घालूनच घेते." ते म्हणाले, "बस."

महिनाभराने बदलापूरच्या लॅबमध्ये चाचणी केली. सकाळचा आकडा उत्तम, दुसरा पुन्हा तीनशेच्या वर. वजन आणखी एक किलो वाढलेलं.

बातमीवर संशय आला की दुसरीकडून खात्री करून घ्यायची, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मी पुढच्या आठवड्यात तिला अंबरनाथच्या लॅबमध्ये नेलं. तिथेही तेच. लॅबचं यंत्र चुकत नव्हतं. मग आई चुकत असणार. मी नसताना ती काहीतरी खात असणार, आणि ते मावशीकडे जाऊन खात असणार, कारण आमच्या घरात तर खाण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी मावशीला फोन केला.

"माझ्याकडे काय चोरून जेवते का तुझी आई?" मावशी म्हणाली.

"मी तसं म्हणाले नाही."

"तसंच म्हणालीस. अगं, परवा आली होती, मी शिरा केला होता. हातसुद्धा लावला नाही तिने. म्हणाली, लेक रागावेल. साठी ओलांडलेली बाई लेकीला भिते! काय दिवस आलेत."

मी फोन ठेवला. आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "शिरा साजूक तुपातला होता," ती म्हणाली, आणि आत गेली.

ठरलेल्या भेटीचा दिवस आला. माझी साप्ताहिक सुटी गुरुवारी, त्यामुळे आईच्या सगळ्या चाचण्या आणि डॉक्टरांच्या सगळ्या भेटी गुरुवारीच होत. सकाळी लॅबमध्ये पहिलं रक्त द्यायचं, तिथल्याच बाकावर घरून आणलेला डबा खायचा, दोन तासांनी दुसरं रक्त द्यायचं आणि दुपारी रिपोर्ट घेऊन उल्हासनगर गाठायचं, असा आमचा क्रम होता. त्या दिवशीही तसंच केलं. दुसरा आकडा मी रिक्षात पाहिला.  आईने पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून चष्मा काढला.

"अम्मा, सकाळी तर मस्त आहे. जेवल्यावर काय होतं? दुसऱ्या ब्लडच्या आधी काय खाल्लं?"

"काही नाही. आज गुरुवार. उपवास आहे."

"काहीच नाही?"

"काही नाही."

"मग हे तीनशे काय हवेतून आले?"

 आईला बहुधा वाटलं की आपल्यावर खोटं बोलल्याचा आळ येतोय. तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि टेबलावर रिपोर्टच्या शेजारी ठेवला.

"ही एवढी खिचडी. बघा. पाव डबा उरलीय अजून. घ्या तुम्ही पण, दाण्याचं कूट घरचं आहे."

डॉक्टरांनी डबा जवळ ओढला. आत साबुदाणा होता, मोकळा, तुपावर परतलेला, कडेला मिरची.

"यात आलू पण आहे."

"बटाटा चालतो उपवासाला."

"उपवासाला चालतो अम्मा. शुगरला नाही चालत."

त्यांनी डबा परत केला नाही. तो तसाच समोर ठेवून ते एकेक विचारू लागले आणि आई एकेक सांगू लागली, पहिल्यांदा जरा घुश्शात, मग सरळ. सकाळी गोळीच्या आधी दूध-केळं. मग खिचडी. दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. चार वाजता रताळ्याचा कीस, गूळ घालून. रात्री पुन्हा वऱ्याचे तांदूळ, भूक असेल तर दोन खजूर.

"भूक असते?"

"असतेच की. तुमचीच गोळी आहे."

"सोमवारी पण हेच?"

"सोमवारी शिंगाड्याचा शिरा असतो."

"आणि बाकीचे दिवस?"

आईने माझ्याकडे बोट केलं. "बाकीचे दिवस ही मला उपाशी ठेवते."

डॉक्टर हसले. मी हसले नाही, पण मला हायसं वाटलं. शुगरची ती गोळीमुळे होणारी, न थांबवता येणारी वाढ नव्हती, चोरून खाणं नव्हतं, यंत्राची चूक नव्हती. आमच्या स्वयंपाकघरात उपवासाचे डबे वेगळ्या फळीवर असतात, रोजच्या डब्यांच्या वर. मी खालच्या दोन्ही फळ्या रिकाम्या केल्या होत्या. वरच्या फळीला हात लावायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. ते खाणं नव्हतंच. तो उपवास होता. खिचडी मीही दर गुरुवारी खात होते.

डॉक्टरांनी कागदावर एक रेघ काढली, सकाळी सपाट आणि दुपारी उंच. सकाळी घेतलेली स्टेरॉइडची गोळी दुपारी आणि संध्याकाळी शुगर वर ढकलते, पहाटेपर्यंत ती खाली येते. म्हणून घरचं यंत्र चहाआधी चांगलं बोलत होतं. त्या उंच रेघेवर आठवड्यातले दोन दिवस साबुदाणा, बटाटा, केळं आणि गूळ पडत होता, आणि त्यातला एक दिवस नेमका चाचणीचा होता.

"सुई आज लिहीत नाही," ते म्हणाले. "उपवास बंद. दीड महिन्याने या. मग बघू."

"उपवास बंद होणार नाही," आई म्हणाली. "बोललेला आहे."

"ते तुम्ही आणि तुमचे देव बघा. साबुदाणा नाही, आलू नाही, केळं नाही, गूळ नाही. उपाशी पण नाही राहायचं."

परतताना आम्ही अंबरनाथला मावशीकडे उतरलो. आईने तसं रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. मावशीने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "एकादशी आणि दुप्पट खाशी! लहानपणापासून म्हणत आलो आणि कळलं मात्र डॉक्टरकडे जाऊन." सोमवारचा सल्ला तिचाच होता, याची आठवण तिला कोणी करून दिली नाही.

"सोमवार सोडून दिला," आई म्हणाली. "तो काही मी बोलले नव्हते. गुरुवारचं मात्र बघायला हवं."

"दत्ताची क्षमा माग आणि मोकळी हो."

"क्षमा कशाला? मी काही मोडत नाहीये." आईने चहाचा घोट घेतला. चहा बिनसाखरेचा होता. "लोक काशीला जातात आणि एखादा आवडीचा पदार्थ सोडून येतात की नाही? आत्याने वांगं सोडलं होतं. मेली तरी खाल्लं नाही. मी साबुदाणा सोडते. बटाटा आणि केळं पण. गुरुवारी आणि इतर वारीही. वर्षभर."

"आणि गुरुवारी खाणार काय?"

"भाकरी आणि पालेभाजी. ज्वारीची."

"म्हणजे उपवासाच्या दिवशी उपवासाचं सोडायचं आणि भाकरी खायची?" मावशीने माझ्याकडे पाहिलं. "दत्तालासुद्धा कोडं पडेल."

"पडू दे. त्याला तीन डोकी आहेत, सोडवेल."

मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. आई हसली नाही, पण परतीच्या रिक्षात तिने दोनदा स्वतःशीच "तीन डोकी" म्हटलं. तिला ते आवडलं होतं.

घरी आल्यावर वरची फळी तिनेच रिकामी केली. साबुदाणा इमारतीतल्या एका बाईला दिला, वऱ्याचे तांदूळ चिमण्यांसाठी बाल्कनीत. राजगिऱ्याचे लाडू तिने मला दिले आणि ऑफिसला न्यायला सांगितले. मी ते नेले.

पुढचे दिवस सोपे होते असं नाही. भूक होतीच, ती गोळीची होती आणि गोळी चालूच होती. फरक एवढा की आता त्या भुकेशी आम्ही दोघी मिळून व्यवहार करू लागलो. चार वाजता डबे उघडायची वेळ येई तेव्हासाठी मी भाजलेले चणे आणि काकडी ठेवून जाई. पातळ ताक, चिमूटभर जिरं. दुधीऐवजी तिने स्वतः पडवळ, गवार, मेथी मागितली. मुगाची धिरडी तिने सुरू केली. दुपारच्या जेवणानंतर ती इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या घालू लागली, नऊवारीवर माझे जुने बूट घालून. वॉचमनने पहिल्या दिवशी विचारलं, "आजी, कुछ ढूंढ रहे हो क्या?" ती म्हणाली, "हां, पाव किलो वजन खो गया है." मला हे वॉचमननेच सांगितलं.

शुगर मोजायची वेळही बदलली. आता मोजायचं ते दुपारी, जेवणानंतर, आणि तेव्हा मी घरात नसे. स्वतःच्या हाताने बोटाला टोचायला ती आठवडाभर तयार नव्हती. मग शिकली. मावशी बघायला आली होती. म्हणाली, "ताई, ही पण सुईच की गं." आई म्हणाली, "ही माझ्या हातात आहे." ऑफिसात साडेतीनच्या सुमाराला माझ्या फोनवर नुसता एक आकडा येई, दुसरा शब्द नाही. पहिल्या दिवसांत मी फोन उघडायच्या आधी हातातली बातमी पूर्ण करत असे. नंतर आकडे दोनशेच्या आसपास आले, मग खाली, आणि मी फोन लगेच उघडू लागले.

ठरलेला गुरुवार आला. लॅबच्या बाकावर आईने भाकरी आणि मेथी खाल्ली. शेजारच्या बाईने विचारलं, "उपवास नाही का आज तुमचा?" दर वेळी तिथेच भेटणारी ती बाई होती. आई म्हणाली, "आहे ना," आणि दुसरा घास घेतला.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. चष्मा काढला नाही. आकडा एकशे सत्तरच्या घरात होता.

"सुई नको," ते म्हणाले.

आईने विचारलं, "आज नको, की नकोच?"

"असंच चाललं तर नकोच. आणि स्टेरॉइड पण थोडं कमी करतो. खांदे दाखवा."

तिने दोन्ही हात सरळ वर केले, बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. वजन जेमतेम दीड किलो उतरलं होतं. चेहरा तसाच गोल होता. डॉक्टर म्हणाले की तो गोळीबरोबर हळूहळू उतरेल, त्याची घाई करायची नाही. आईने वजनाचं काही विचारलं नाही. जिन्यावरून उतरताना तिने मावशीला फोन लावला. "नाही लागली," एवढंच म्हणाली. पलीकडून मावशी बराच वेळ बोलत होती. आईने फोन कानापासून थोडा लांब धरला आणि ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने धिरडं खाल्लं, नव्या पाकिटातली कमी मात्रेची गोळी तळहातावर घेतली, नीट निरखली आणि पाण्याबरोबर घेतली. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले होते.

"बघतेस काय," ती म्हणाली. "घेतली. पेपर वाच तू."

मी पेपर उघडला.